टाच, टाइल्स आणि चुलीजवळची चप्पल

नमस्कार मॅडम. मी ४६ वर्षांची, म्हापशात राहते. घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत आमची खानावळ आहे. गेले सात महिने उजवी टाच धरली आहे. पहाटे पाचला उठून पाय खाली टेकला की खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. थोडं चाललं की बरं वाटतं. दुपारची गर्दी सरल्यावर जेवायला बसते आणि उठते, तेव्हा परत तेच. एक्स-रेत हाड वाढलंय म्हणून सांगितलं. टाचेत इंजेक्शन घेतलं, दीड महिना छान गेला, मग पुन्हा सुरू. आता दुसरं इंजेक्शन घेऊ की ऑपरेशन करून हाड काढून टाकू? शेजारीण म्हणते, वीट तापवून रुईच्या पानावर टाच शेक. मला पाच वर्षं शुगर आहे. घरात मी अनवाणीच असते, सासूबाईंना चुलीजवळ चप्पल चालत नाही. चवथ तीन महिन्यांवर आली. यंदा फुगडी घालायला मिळेल का?

— म्हापशाची एक वाचक

ताई,

भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते, हे तुम्ही लिहिलंत आणि मला पुढचं पत्र वाचायच्या आधीच दुखणं कळलं. फिजिओथेरपीत वीसेक वर्षं काढल्यावर काही वाक्यं ओळखीची होतात. सकाळचं पहिलं पाऊल, बसून उठल्यावरचं पाऊल, आणि मधल्या वेळात जरा आराम, ही प्लांटर फॅशियायटिसची, म्हणजे तळव्याखालच्या पट्ट्याच्या दुखण्याची, खूण आहे.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. दुसरं इंजेक्शन आत्ता नको. ऑपरेशन तर नकोच. वीट कोणत्याही परिस्थितीत नको. फुगडीचं शेवटी सांगते. आणि ज्या गोष्टीबद्दल तुम्ही प्रश्नच विचारला नाहीत, जाता जाता एका ओळीत लिहून टाकलीत, ती चुलीजवळची चप्पल, तिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

पत्र वाचता वाचता एक करून बघा. खुर्चीवर बसा, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर ठेवा. एका हाताने पायाचा अंगठा नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्याच्या खोलगट भागावरून फिरवा. ताणलेल्या तारेसारखा एक पट्टा हाताला लागेल. हाच तो फॅशिया. टाचेच्या हाडापासून निघतो आणि पाचही बोटांच्या मुळाशी जातो. आता तोच अंगठा मागे टाचेकडे सरकवत न्या. टाच जिथे सुरू होते तिथे, आतल्या बाजूला, दाबल्यावर ‘आई गं’ म्हणाल अशी एक जागा सापडेल. तुमचा खिळा तिथे आहे.

चालताना टाच उचलली की बोटं वाकतात आणि हा पट्टा ताणला जातो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा सैल पडून राहतो. पहाटे तुम्ही उठता ते थेट पूर्ण वजनानिशी, आणि सहा-सात तास सैल असलेला पट्टा एका झटक्यात ताणला जातो. खाली बसून आदोळीवर चार नारळ खवून उठताना होतं तेही हेच.

नावात ‘आयटिस’ आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आत सूज आहे, सुजेची गोळी घेतली की संपलं. काही महिने जुन्या दुखण्यात मात्र तशी सूज फारशी सापडत नाही. सापडतात ते विस्कटलेले, जाड झालेले धागे. होडीचा दोर खुंटाला जिथे बांधलेला असतो तिथेच घासून घासून उसवतो, तसं. उसवलेला दोर गोळीने विणला जात नाही. गोळीने चार दिवस दुखणं कमी होतं एवढंच, आणि शुगर असलेल्यांनी मूत्रपिंडाच्या काळजीने वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. शुगर बरीच वर्षं असली की हा पट्टा जाड आणि कडकही होतो, म्हणून तुम्हाला इतरांपेक्षा थोडा जास्त धीर धरावा लागेल.

वाढलेल्या हाडाची भीती मनातून काढून टाका. एक्स-रेत चोचीसारखं टोक दिसतं आणि माणसाला वाटतं, हेच आत रुततंय. रुतत नाही. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते टोक असतं, आणि तुमच्यासारख्याच कळा काढणाऱ्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत ते नसतं. टाचदुखी बरी झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तर टोक तिथेच दिसेल. त्याला कापून काही साधत नाही.

इंजेक्शन तुम्हाला लागू पडलं, खोटं नव्हे. स्टिरॉइडने काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने आराम पडतो, तसा तुम्हाला दीड महिना पडला. पण त्या दीड महिन्यात तुम्ही काय केलंत? माझा अंदाज सांगते: टाच दुखत नाही म्हणून दुप्पट उभ्या राहिलात. दुखणं गप्प झालं होतं, पट्टा होता तसाच होता. त्या काळात व्यायाम सुरू झाला असता तर गोष्ट वेगळी असती. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर दोष तुमचा नाही. इंजेक्शन पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, क्वचित पट्टा फाटतोही, आणि ती गादी परत मिळत नाही. शिवाय स्टिरॉइडनंतर काही दिवस शुगर चढते. म्हणून आत्ता नको म्हटलं.

विटेबद्दल मला कठोर बोलावं लागेल. शेजारणीचा हेतू चांगला आहे, आमच्याही घरी आजी हा उपाय करायची. पण शुगरमध्ये तळव्याची जाणीव हळूहळू बोथट होते, आणि ती बोथट झालीय हे माणसाला स्वतःला कळत नाही. माझ्याकडे डिचोलीच्या बाजूची एक बाई आली होती. विटेवर रुईचं पान, पानावर टाच. तिला ऊब छान लागली म्हणून ती बसून राहिली. संध्याकाळी टाचेला लिंबाएवढा फोड. टाचदुखी बाजूला राहिली आणि ती जखम भरायला अडीच महिने गेले. रुईचा चीक भाजलेल्या कातडीवर आणखी आग करतो, ते वेगळंच. तुम्ही आधी तळव्याची जाणीव तपासून घ्या. डॉक्टर एक नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम असतं. तोवर गरम विटेसारखाच अति थंड बर्फही थेट लावू नका.

आता चप्पल.

तुमच्या सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण सत्तरीच्या आसपास असतील असं धरते. त्या सून म्हणून आल्या तेव्हा रांधायच्या खोलीत शेणाने सारवलेली जमीन असणार. खाली माती, वर शेणाचा हात, पाय टेकला की थोडं दबणारी. आणि त्या उभ्या तरी किती राहायच्या? चूल जमिनीवर, आदोळी जमिनीवर, रगडा जमिनीवर. उठबस सतत, पण तासन् तास एका जागी उभं राहणं नव्हतं. चुलीजवळ पायताण नको हा नियम त्या जमिनीवरचा आहे आणि त्या जमिनीवर तो शोभून दिसत होता. आज तुमच्या घरात ओटा आहे, गॅस आहे आणि पायाखाली व्हिट्रिफाइड टाइल. ती दगडापेक्षा मऊ नाही. तुम्ही पहाटे पाचपासून दुपारी तीनपर्यंत तिच्यावर अनवाणी उभ्या असता, आठवड्यातले सहा-सात दिवस. जमीन बदलली, नियम तोच राहिला, आणि त्याची किंमत टाच मोजते आहे.

सासूबाईंशी भांडायची गरज नाही. त्यांचा आक्षेप चपलेला नाही, बाहेरच्या घाणीला आहे, आणि तो रास्त आहे. खानावळीच्या स्वयंपाकघरात बाहेरची चप्पल मलाही चालणार नाही. नवी कोरी चप्पल आणा, घरातच तिचं पुडकं फोडा, आणि ती उंबऱ्याच्या बाहेर कधीच न्यायची नाही. रात्री धुऊन ओट्याखाली ठेवायची. हा तोडगा मी बऱ्याच घरांत सुचवला आहे. पहिला आठवडा कुरबूर होते, मग कुणी बघतही नाही. देवाच्या खोलीत जाताना काढा, पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

चप्पल कशी हवी, ते दुकानात हातात घेऊन ठरवायचं. दोन्ही टोकं धरून वाकवा. मधोमध घडी पडली तर खाली ठेवा. फक्त बोटांच्या जागी वाकली पाहिजे. टाचेचा भाग पुढच्यापेक्षा बोटभर उंच, तळव्याच्या खोलगट जागी थोडा उंचवटा, मागे पट्टा असेल तर उत्तम, आणि ओल्या लादीवर न घसरणारा तळ. एमसीआर म्हणून जी मऊ रबराची चप्पल मिळते ती शुगरवाल्यांसाठी चांगली, पण नुसती मऊ नको, खालचा थर घट्ट हवा. मापाच्या महागड्या इनसोलची घाई करू नका. तयार मिळणाऱ्या इनसोलपेक्षा त्या टाचदुखीत फारशा सरस ठरत नाहीत. औषधांच्या दुकानातले सिलिकॉनचे हील कप, म्हणजे टाचेखाली ठेवायच्या वाट्या, आणलेत तर दोन्ही पायांत घाला, एकाच पायात घातला तर कंबर कुरकुरते. शेगडीसमोर एक जाड रबरी मॅटही घाला.

जूनमध्ये आपल्याकडे सगळे पावसाळी चपलांवर येतात, हे मी दर वर्षी पाहते, आणि दर वर्षी जुलैत टाचदुखीचे रुग्ण वाढतात. त्या सपाट प्लास्टिकच्या चपला चिखलासाठी सोयीच्या आहेत, टाचेसाठी अजिबात नाहीत. म्हापशाच्या बाजारात मासळीला जाताना तेवढ्या घालून आलात तर चालेल, दिवसभर नको.

व्यायामांकडे येते. भाराभर सांगणार नाही, कारण पहाटे पाचला उठणारी बाई दहा व्यायाम करत नाही. तीन पुरेत.

पहिला खाटेवरच. पाय खाली टेकवायच्या आधी, मघाशी पट्टा शोधताना बसला होतात तसंच बसायचं. पाचही बोटं धरून नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. दुसऱ्या हाताने पट्टा चाचपत राहा, तो तारेसारखा ताठ झाला तरच ताण नीट बसतोय. दिवसातून तीनदा: उठायच्या आधी, दुपारी जेवून उठायच्या आधी, रात्री टीव्हीसमोर. २००३ साली अमेरिकेतल्या अस्थितज्ज्ञांनी हा ताण आणि नेहमीचा पोटरीचा ताण यांची तुलना केली होती. आठ आठवड्यांनी या पट्ट्याच्या ताणाने पहिल्या पावलाची कळ जास्त कमी झालेली दिसली. मी माझ्या प्रत्येक रुग्णाला हा शिकवते आणि जे खरोखर पाय टेकायच्या आधी करतात त्यांना दोन-तीन आठवड्यांत न्हाणीपर्यंतची वाट सोपी होते. न्हाणीतून आल्यावर करणाऱ्यांना तितका गुण येत नाही. आणि खाटेवरून उतराल ते थेट चपलेत, लादीवर नाही.

दुसरा पोटरीचा. भिंतीला दोन्ही हात टेकून उजवा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, तीस सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून आणखी तीस सेकंद. तीनदा. पोटरी आखडलेली असली की सगळा ओढा टाचेवर येतो.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच लोक सोडून देतात, कारण दुखऱ्या पायाला काम द्यायची भीती वाटते. २०१४-१५च्या सुमारास डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हा तपासला. तीन महिन्यांनी, नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा हा करणारे रुग्ण बरेच पुढे होते. वर्षभराने दोन्ही गट सारखेच आले, हेही सांगायला हवं, पण मधले काही महिने कोणाला दुखत काढायचे आहेत? तुमच्या पडवीच्या पायरीवर उभ्या राहा, कठडा धरा. एका जुन्या टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवा म्हणजे बोटं वर वळतील, टाच पायरीच्या बाहेर. तीन मोजत टाचा वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली. घाई केली की व्यायाम वाया. पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही पायांवर, मग एकट्या उजव्यावर. बारा वेळा, असे तीन फेरे, आणि दिवसाआड. रोज नाही, मधला दिवस धाग्यांना सावरायला द्यायचा. सोपं वाटायला लागलं की मुलाचं दप्तर पाठीला लावा आणि त्यात दोन किलो तांदूळ घाला, मग वाढवत न्या.

करताना थोडं दुखेल. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं तर चालू ठेवा, मात्र दुसऱ्या सकाळची कळ आदल्या दिवसापेक्षा वाढलेली नसावी. वाढली तर फेरे कमी करा, बंद करू नका. हे कळण्यासाठी रोज पहिल्या पावलाची कळ दहापैकी किती, तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी. टाच हळू बरी होते, आणि रोज बघणाऱ्याला बरं होताना दिसत नाही. महिन्याचं पान उलटताना आठ-आठ-सातवरून पाच-चार-पाच दिसलं की धीर येतो. या दुखण्याचे दहातले आठ-नऊ जण ऑपरेशनशिवाय बरे होतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही.

तळव्याची जाणीव शाबूत असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तर संध्याकाळी टाच ठणकत असताना पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, पंच्यात गुंडाळून, दहा मिनिटं तळव्याखाली फिरवा. मासळीच्या पेटीतला बर्फ काढून थेट लावू नका, खानावळीत तो हाताशी असतो म्हणून मुद्दाम सांगते. वजन थोडं कमी झालं तर टाचेला बरं, पण त्यासाठी समुद्रावर अनवाणी चालायला जाऊ नका. मऊ वाळूत टाच खोल जाते आणि पट्टा जास्त ओढला जातो. सध्या पोहणं किंवा सायकल बरी.

म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, ज्याला आपण अजून आझिलोच म्हणतो, किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हे व्यायाम एकदा समोर बसून शिकून घ्या. गर्दीच्या दिवसांसाठी टाचेला पट्टी बांधून, म्हणजे टेपिंग करूनही मिळतं. तीन महिने नेटाने करूनही फरक नसेल तर शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने टाचेवर लहरींचे धक्के देण्याच्या उपचाराचा, विचार करता येतो, आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका असतात. पण टाच रात्री झोपेतही ठणकत असेल, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, दोन्ही बाजूंनी टाच चिमटीत दाबल्यावर जोराची कळ येत असेल, लाली, ताप किंवा जखम असेल, किंवा चालता चालता ‘टक’ असा आवाज होऊन पाय टेकवेनासा झाला असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. ती दुखणी वेगळी असतात.

फुगडी. मला हा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण बरं होऊन काय करायचं आहे हे तुम्हाला माहीत आहे. चवथीच्या आठवडाभर आधी पायरीवर एकट्या उजव्या पायाने बारा वेळा टाच वर उचलून बघा. कळ तीनच्या आत राहिली आणि कॅलेंडरवर सकाळचे आकडेही तीनच्या खाली असले, तर रिंगणातली सावकाश फुगडी एक-दोन गाणी घाला, टाचेला टेप बांधून, लादीवर चटई किंवा जाड सतरंजी अंथरून. जलद लय धरली आणि उड्या आल्या की बाहेर या आणि बसून गाणी म्हणा. बसलेल्या बायकांचा आवाज नसला तर रिंगण चालत नाही, हे तुम्हीही जाणता. आकडे वरच असतील तर यंदा फक्त गाणी. आणि फुगडीपेक्षाही आरतीचं बघा. चार-पाच घरच्या आरत्या म्हणजे लादीवर अनवाणी दोन-अडीच तास. मध्ये खुर्ची घ्या. नेवऱ्या करायला बसाल तेव्हा अर्ध्या तासाने उठा, आणि उठायच्या आधी बोटं ओढायचा ताण दहा वेळा.

चप्पल आणायला जाल तेव्हा सासूबाईंच्या पायाचं माप घेऊन जा. त्याही आता सारवलेल्या जमिनीवर नाहीत, त्याच टाइलवर चालताहेत. दोन जोड आणा, आणि त्यांचा त्यांना आधी द्या.